लांबचीला सुट्टी आधी

आमच्या हॉस्पिटलात नवी मुलगी कामाला लागली की बाकीचे तिला नाव-गाव विचारायचे. आमची इन्चार्ज मात्र विचारायची, "मुवातीन का वाफिद?"

मुलगी गोंधळायची. एक तर बिचारी घाबरून पर्समध्ये जातीचा दाखला शोधायला लागली होती. मग आमच्यापैकी कुणीतरी समजावायचं, की अगं, त्या मस्कतला होत्या. तिकडं देशातल्या माणसाला मुवातीन म्हणतात आणि बाहेरून कामाला आलेल्याला वाफिद. तू इथली का बाहेरची, एवढंच विचारतायत. मुलगी सुटकेचा श्वास टाकून सांगायची, "मी नेवाशाची." की ही लगेच म्हणायची, "म्हंजी मुवातीन. याल्ला, दिवाळीची डूटी तुला." याल्ला म्हणजे चल, आटप. हेही आम्ही तिच्याकडूनच शिकलो.

तिचं नाव सांगत नाही. सगळे तिला मस्कत म्हणायचे, आधी पाठीमागं आणि पुढं पुढं तोंडावरही. तिला त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं. कारण ते मस्कत माझं होतं.

आम्ही दोघी एका बॅचच्या, एका मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकलेल्या. मस्कतच्या सरकारी हॉस्पिटलासाठी मुंबईत इंटरव्ह्यू होते, त्याला श्रीरामपूरहून एकाच सीटवर बसून गेलो, एकाच डब्यातली चटणी-भाकरी खाल्ली. माझं सिलेक्शन झालं. ती वेटिंगला राहिली. येताना सगळ्या रस्त्यानं मी तिची समजूत घालत होते. मी पासपोर्ट काढला, पांढरे ड्रेस शिवून घेतले, चर्चमध्ये माझ्यासाठी प्रार्थना झाली. नवीनच लग्न झालं होतं, पण आमचे मिस्टरही जा म्हणाले होते. आणि मेडिकलच्या वेळी कळलं की मला दिवस गेलेत. माझी जागा रिकामी झाली, वेटिंगवाली गेली. मला पिंकी झाली, तिला मस्कत मिळालं.

पुढं पिंकीही नर्स झाली, आमच्याच हॉस्पिटलात लागली, आणि बघता बघता 'मावशी, मावशी' करत, तिकडून परत आलेल्या मस्कतच्या मागं फिरायला लागली. तेव्हापासून मला एकच धास्ती होती. हिनं माझं मस्कत नेलं, आता ही माझी पोरगीपण तिकडं घालवणार.

हेवा म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. ती तिकडं असताना सुट्टीवर आली की गल्लीत सगळ्यांसाठी काही ना काही आणायची. आमच्या घरी दुधाच्या पावडरीचा डबा, अत्तराची बाटली आणि एकदा एक मोठं वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट आलं. ते ब्लँकेट मी कधी अंगावर घेतलं नाही. थंडीनं कुडकुडत गोधडीत झोपले. आमचे मिस्टर मात्र त्यात गुरफटून झोपायचे आणि वर सकाळी उठून म्हणायचे, "काय ऊब हाय गं!"

मग तिकडच्या सरकारनं ठरवलं की नर्सिंगमध्येही हळूहळू आपल्याच मुली आणायच्या. तिच्या हाताखाली एक तिथलीच मुलगी शिकायला दिली. हिनं तिला सगळं शिकवलं, सलाईनपासून रागीट डॉक्टरला कसं सांभाळायचं इथपर्यंत, आणि मुलगी तयार झाल्यावर हिचं काँट्रॅक्ट पुढं वाढवलं नाही. ही बातमी श्रीरामपुरात आली त्या दिवशी मी वरवर वाईट वाटल्याचं तोंड केलं होतं, पण घरी येऊन शिरा केला. मिस्टरांनी विचारलं, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही, रवा संपवायचा होता."

वाटलं होतं, आता येईल रडत. आली ती त्या मुलीचं कौतुक सांगत आली, एखादी नव्या सुनेचं सांगते तसं. "लई गुनाची पोर. तिचाच देश, तिचीच खुर्ची. मी वाफिद. दुसऱ्याच्या खुर्चीत मी किती दिवस बसनार?" ती मुलगी दरवर्षी कुणाच्या तरी हातून खजूर पाठवायची. मस्कत ते अख्ख्या हॉस्पिटलात वाटायची. मी एकच घ्यायची. गोड असायचा, मेला.

आमच्या मालक डॉक्टरांनी तिला आल्याआल्या इन्चार्ज केलं. त्या जागेवर माझा डोळा होता आणि तो असायलाच पाहिजे होता, निम्मी हयात मी तिथं काढली होती. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, वाईट वाटून घेऊ नका. त्यांना फॉरेनचा अनुभव आहे." माझा अनुभव श्रीरामपूरचा. तो काय, इथं सगळ्यांनाच असतो.

ड्यूटी सुटली की आम्ही दोघी मेन रोडनं चालत घरी जायचो, कारण दोघींचा रस्ता एकच. चालता चालता तिचं सुरू व्हायचं. रस्त्यावरच्या प्रत्येक कामावर ती बोट ठेवायची. नव्या बंगल्याची फरशी बसवणारा दिसला की विचारायची, "कुठले तुम्ही?" तो म्हणायचा, राजस्थान. पीओपीवाला बंगालचा. रंगवाला गोरखपूरचा. सोनाराच्या माडीवर दागिने घडवणारेही बंगालचेच. एटीएमवरचा गुरखा नेपाळचा, ऊस तोडायला बीडकडचे, गुऱ्हाळावर तर यूपीची अख्खी टोळी. मस्कत खूश होऊन म्हणायची, "बघ, मस्कतच हाय की हे! तिकडं पन असंच. गाडी चालवनारा पठान, झाडू मारनारा बंगाली, सुई टोचनारी मल्याळी न्हाईतर मी. आन मुवातीन कुठं? मुवातीन काउंटरला, शिक्का मारायला."

मी एकदा चिडून म्हटलं, "मग इथले आपले लोक काही करतच नाहीत का?"

ती थांबली. चौकात वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स लागला होता, गॉगल लावलेली पोरं खालपासून वरपर्यंत. त्याच्याकडं बोट दाखवून म्हणाली, "आपले हे काय, हितं हायेत."

मला हसू आलं होतं, पण मी हसले नाही. तिच्या बोलण्याला हसायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. हे लोक आपलं काम नेतात वगैरे ती कधीच म्हणायची नाही, हे मात्र कबूल करावं लागेल. उलट त्या फरशीवाल्याला विचारायची, जेवलास का, घरी फोन केला का, पुढची सुट्टी कधी. तो बिचारा मला बघून नमस्कार करायचा नाही, तिला करायचा.

तिच्या याल्लाचा एक किस्सा आमच्याकडं गाजला. अकोले तालुक्याच्या डोंगरातली एक म्हातारी पायाच्या ऑपरेशनला आली होती. दुसऱ्या दिवशी मस्कतनं तिला वॉकर धरून उभं केलं आणि सवयीनं म्हणत राहिली, "याल्ला आजी, याल्ला." म्हातारी दोन पावलं चालली आणि मटकन खाली बसली. डोळे वटारून म्हणाली, "ए बाई, काय लावलंय यल्ला यल्ला? मी काय यल्लम्मा हाय व्हय? माझ्या अंगात कदी आलं न्हाई आन तू आनू नकं." सगळा वॉर्ड हसला. मस्कत सगळ्यात जास्त हसली. मी मनात म्हटलं, बरी जिरली. संध्याकाळी मी म्हातारीला चालवायला गेले, माझ्या शुद्ध मराठीत 'चला आजी' म्हणत. म्हातारी जागची हलेना. म्हणाली, "ती यल्लावाली कुठं गेली? तिला धाड. तिनं म्हनल्याबिगर पाय उचलत न्हाई." घरी जाईपर्यंत तिचा पाय मस्कतशिवाय कुणासाठी उचलला नाही.

पण माझं खरं डोकं फिरवलं ते तिच्या सुट्ट्यांच्या कायद्यानं. इन्चार्ज झाल्यावर तिनं पहिली गोष्ट केली ती ही, की सणाची सुट्टी ज्याचं घर लांब त्याला आधी. जवळच्यांनी उरलीसुरली घ्यायची. आमच्याकडं केरळच्या तीन सिस्टर होत्या. त्यांना गाडीतच निम्मी सुट्टी जाते म्हणून नाताळचा आठवडा त्यांचा. नागपूरकडच्या दोघींना दिवाळी. आणि आमचा वॉर्डबॉय, म्हणजे म्हणायचं वॉर्डबॉय, वय पन्नाशीचं, राजूरचा. तो डोकं खाजवत आला.

"बाई, राजूर पन लांबच हाय. संगमनेरपतोर येश्टी सापडती, फुडं अकोल्यात लटकून बसावं लागतं. मी मुवातीन का ते दुसरं?"

मस्कतनं क्षणभर विचार केला. "आईवडील हायेत?"

"आई हाय."

"मग वाफिद. जा."

आपल्याच जिल्ह्यातला माणूस तिनं उभ्या उभ्या परदेशी करून टाकला. तो तर इतका खूश झाला की महिनाभर सगळ्यांना सांगत होता, मी वाफिद हाय. मी म्हटलं, "आणि मी? मी काय?"

"तू पक्की मुवातीन. तुझं घर गच्चीवरनं दिसतंय."

"अगं, पण नाताळ आहे. माझ्या घरी करंज्या व्हायच्यात, चर्चला जायचंय. मी काय पाप केलं, जवळ राहते म्हणून?"

"तुला चर्चची घंटा हितनं ऐकू येती. त्या पोरींना येती का?" असं म्हणून तिनं चार्टवर माझ्या नावापुढं नाताळची ड्यूटी लिहिली. मग त्याच्याखाली स्वतःचंही नाव लिहिलं. त्या नाताळला आम्ही दोघींनी वॉर्ड काढला. तिनं पेशंटांना केक वाटला. मी तिच्याशी दिवसभर बोलले नाही. पुढच्या नाताळलाही तेच आणि त्याच्या पुढच्याही. डॉक्टरांकडं तक्रार केली तर ते म्हणाले, पद्धत चांगली आहे, मुली नोकरी सोडून जायच्या थांबल्यात.

हा कायदा तिनं कुठून काढला, ते मला फार उशिरा कळलं, तेही पिंकीकडून. मस्कतची आई गेली तेव्हा तिकडं ईद होती. सुट्ट्या आधी तिथल्या लोकांच्या लागल्या, वाफिदांचा नंबर नंतर. ही रांगेतच राहिली. तिला सुट्टी मिळून ती इथं पोचली तोवर आईच्या कबरीवर दगड बसलेला होता. पिंकी हे सांगताना रडत होती. कुणालाही वाईट वाटावं अशीच गोष्ट आहे, मलाही वाटलं. पण त्याच्याही आधी दुसरंच वाटलं. हे तिनं माझ्या पोरीला सांगितलं. मला नाही. एका सीटवर बसून मुंबईला गेलेल्या आम्ही, आणि सांगितलं कुणाला, तर पिंकीला.

पिंकी तर तोवर तिचीच झाली होती. ड्यूटी लावून घ्यायची ती मावशीबरोबर. डबा मावशीबरोबर. माझ्या हातची मेथीची भाजी तिला आवडायची नाही, आणि मावशीचा तो काळा, लिंबू पिळलेला सुलेमानी चहा कडू असला तरी आवडायचा. दोघी गच्चीवर उभ्या राहून काहीतरी गुलूगुलू बोलत असायच्या. मी गेले की गप्प. मी विचारलं, काय चाललंय, तर पिंकी म्हणायची, "काही नाही गं मम्मी." या 'काही नाही'चा मला इतका राग यायचा की एकदा मी हातातला ट्रे आदळला.

आणि एक दिवस पिंकीनं सांगितलं. मस्कतच्या एका खासगी हॉस्पिटलात अर्ज केला होता, ऑनलाइन इंटरव्ह्यू झाला, सिलेक्शन झालं. मिस्टर पेढे आणायला निघाले. मी मात्र तशीच पायात चपला अडकवून मस्कतच्या घरी गेले. ती दारात तांदूळ निवडत बसली होती.

"झालं समाधान?" मी म्हटलं. "माझी जागा घेऊन गेलीस तेव्हा मी एका शब्दानं बोलले नाही. आता पोरगी न्यायची राहिली होती. तुझं तुला झालं नाही म्हणून माझं न्यायचं?"

हे शेवटचं बोलायला नको होतं, तिचं लग्न झालं नव्हतं म्हणून. पण तोंडातून गेलं ते गेलं. तिनं सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं विचारलं, "च्या पितीस?" मी तिथून तरातरा निघून आले.

पिंकी गेली त्या दिवशी स्टेशनवर गल्ली लोटली होती. चर्चचे पाळक आले, केरळच्या सिस्टर आल्या, राजूरचा वॉर्डबॉय तिच्या बॅगा उचलायला आला. मस्कत आली नाही. पिंकी सारखी माणसांच्या डोक्यांवरून तिला शोधत होती. गाडी हलेपर्यंत ती माझा हात धरून उभी होती आणि बघत होती दुसरीकडंच. मला वाटलं, मनाची टोचणी लागली असेल बाईला, म्हणून तोंड दाखवत नाही. वाटून बरंही वाटलं. मग महिनाभर मी ड्यूटीवर तिच्याशी कामापुरतं बोलत होते. कितीचं इंजेक्शन, कोणता बेड, बास. ती उत्तर द्यायची आणि आपल्या कामाला लागायची.

एका शुक्रवारी सकाळी पिंकीचा व्हिडिओ कॉल आला, तिला सुट्टी होती. चेहरा उतरलेला, पण हसत होती. जेवणाचं विचारलं, रूमचं विचारलं. मग मला राहवलं नाही. म्हटलं, "सगळं त्या तुझ्या मावशीचं काम. तिनं तुला भरीला घातलं."

पिंकी म्हणाली, "कुणी, मावशीनं? मम्मी, ती तर मला जाऊ नको म्हणून रोज गच्चीवर नेऊन सांगायची. आईजवळ राहा, तिकडची खुर्ची कधी आपली होत नाही, म्हणायची. पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं तिनं. मी ऐकलं नाही तर बोलायचं सोडलं माझ्याशी. म्हणून तर सोडायला आली नाही."

मी म्हटलं, "मग तुला हे खूळ घातलं कुणी?"

"तूच की." ती अगदी सहज म्हणाली. "मला कळायला लागल्यापासून तू दुसरं काय बोललीस? मस्कतला असते तर असं झालं असतं, मस्कतला असते तर तसं झालं असतं. भांडी घासताना पण मस्कत. मला वाटायचं, एवढं काय आहे तिथं, एकदा बघून येऊ आणि मम्मीला सांगू. थांब, दाखवते." तिनं फोन फिरवला. खिडकीतून उघडे, तपकिरी डोंगर दिसले, त्यांच्या पायाशी पांढरी घरं आणि घरांच्या पलीकडं निळी रेघ. ती म्हणाली, समुद्र आहे तो. मी बघत राहिले. आईला पोरगी परदेशात बघून जे वाटायचं ते वाटलंच असणार, पण त्याच्या वर दुसरं काहीतरी आलं आणि ते मला ओळखीचं होतं. मला हेवा वाटत होता. मस्कतवालीचा नव्हे, माझ्या पोरीचा. पिंकीनं फोन परत स्वतःकडं वळवला तर मी म्हटलं, "थांब गं, फिरव की अजून. डावीकडं काय आहे?"

फोन ठेवला आणि तशीच हॉस्पिटलात गेले. मस्कत ड्रेसिंग रूममध्ये कापसाचे गोळे करत बसली होती. मी समोर उभी राहिले.

"तू पिंकीला जाऊ नको म्हणत होतीस?"

"व्हय."

"मग मला का नाही सांगितलंस? मी तुझ्या दारात येऊन नाही नाही ते बोलले, तेव्हा तरी सांगायचंस. दोघींनी मिळून अडवलं असतं तिला."

तिनं वर बघितलंसुद्धा नाही. गोळा करता करता म्हणाली, "न्हाई अडवलं असतं. मी जाऊ नको म्हंती, हे तुला कळलं असतं, तर तू त्याच दिवशी तिला जा म्हनली असतीस."

मी हात धुतले. मग तिच्या शेजारी स्टुलावर बसले आणि कापूस पुढ्यात ओढला. कारण खरंच, म्हटलं असतं.